शब्दचर्चा: लोणारचं पाणी खारं, क्षारीय की अल्कधर्मी?

पाणथळ :
लोणार सरोवराच्या एका माहितीफलकाचा मजकूर तपासायचा आहे. एकाच परिच्छेदात 'खारे', 'क्षारयुक्त', 'क्षारीय' आणि 'अल्कधर्मी' असे चार शब्द आलेत. चारही एकच का? नसतील तर कोणता ठेवावा?

खडपा :
एकच नाहीत. गोंधळ 'क्षार'पासून सुरू होतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्रिकूट असतं : आम्ल, आम्लारी, क्षार. पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की जो पदार्थ होतो तो क्षार. खायचं मीठ हा त्यातलाच एक. हिंदीत या तिसऱ्याला लवण म्हणतात आणि तिथला क्षार म्हणजे आपला अल्क. त्यामुळे 'क्षारीय झील' उचलून 'क्षारीय सरोवर' केलं की मराठी वाचक 'मिठाचं पाणी' असं समजतो आणि लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं सोड्याचं (सोडियम कार्बोनेटचं) पाणी. 'क्षारीय' काढूनच टाका.

उरलेल्यांत 'क्षारयुक्त' म्हणजे पाण्यात क्षार विरघळलेत इतकंच. तसं तर बोअरचं पाणीही क्षारयुक्त. 'अल्कधर्मी' म्हणजे सामू (pH) ७ च्या वर. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. मृत समुद्रात लिटरमागे ३०० ग्रॅमच्या वर क्षार आहेत, तरी सामू ६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मीच. लोणारमध्ये क्षार त्या मानाने कितीतरी कमी, पण सामू साधारण ९.५ ते १०.५.

शेवटचा बाक :
पण मग पापडखार? तो तर अल्कधर्मी असतो आणि नावात 'खार' आहे.

खडपा :
बरोबर पकडलंत. संस्कृतातल्या 'क्षार'चा जुना अर्थ, म्हणजे अल्कधर्मी पदार्थ, 'खार'ने जोडशब्दांत जपून ठेवलाय : पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. हे सगळे अल्कधर्मी. सुटा 'खारा' मात्र खारे दाणे, खारं पाणी असं करत मिठाकडे गेला. (सुरोखार या यादीत घालू नका, तो अल्कधर्मी नाही.) मिठाचा मूळ शब्द लवण, त्यातून लोण, लोणचं आणि लोणारही. लोणी मात्र नवनीतातून आलंय, त्याचा मिठाशी संबंध नाही.

लोणारच्या काठावर पाणी आटल्यावर जो थर धरतो त्यात मीठ असतंच, पण ओळख आहे ती सोड्याची. साबण आणि काच करायला तो वापरत, ऐन-इ-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे. काच करायला वाळू वितळवावी लागते आणि ती कमी आचेवर वितळावी म्हणून सोडा घालतात. नुसत्या मिठाने ते काम होत नाही.

पाणथळ :
हा सोडा आला कुठून? फलकावर 'उल्केतील क्षारांमुळे' असं लिहिलंय.

खडपा :
तेही काढा. आणि उल्का नव्हे, अशनी. हवेत पेटलेली दिसते ती उल्का, जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी.

अशनीने फक्त खळगा केला : व्यास सुमारे १.८ किमी, कडेपासून तळापर्यंत सुमारे १५० मी. सोडा बेसॉल्टचा, म्हणजे इथल्या काळ्या खडकाचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी खडकातली खनिजं कुरतडतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व बायकार्बोनेट घेऊन झऱ्यांवाटे खाली येतं. खळग्यातून पृष्ठभागावरून बाहेर जायला ओढा नाही, पाणी जातं ते मुख्यतः वाफ होऊन. पाणी आटत गेलं की आधी चुनखडी साका बनून तळाशी बसते. तिला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात, तेव्हा दोघांपैकी जे कमी ते आधी संपतं. बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट वरचढ असतं. कॅल्शियम संपतं, सोडियम आणि कार्बोनेट मागे राहतात, सामू चढतो. उलट कॅल्शियम वरचढ असतं तर कार्बोनेट संपून सल्फेट-क्लोराइडचं पाणी उरलं असतं, तितकंच बंदिस्त आणि तितकंच आटलेलं, पण सोड्याशिवाय. केनियातलं मगाडी सरोवर लोणारच्या जातीचं, तिथे सोडा खणून काढतात.

ब्युरेट :
फलकावर आकडा टाकणार असाल तर मोजणीबद्दल थोडं. सामू काठावरच मोजा. नमुना न्यायचाच तर बाटली काठोकाठ भरून बूच लावा. वर हवा राहिली की कार्बन डायऑक्साइडची देवघेव होते आणि आकडा सरकतो. मीटर ७ आणि १० च्या द्रावणांवर जुळवा. ४ आणि ७ वर जुळवलेला मीटर १० जवळ भरवशाचा नसतो. शिवाय सोडियम भरपूर असलं की साधा काचेचा इलेक्ट्रोड सामू थोडा कमी दाखवतो.

अल्कता ही तिसरीच गोष्ट. सामू १० आहे म्हणजे अल्कता किती, हे कळत नाही. पाणी किती आम्ल पचवतं ते अल्कता सांगते. ५० मिली नमुना घ्या आणि त्यात ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडा. रंगाने खूण देणारा दर्शक आधी फिनॉल्फथॅलीन, गुलाबी रंग जाईपर्यंत (सामू ८.३), मग मिथिल ऑरेंज, पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत (सुमारे ४.५). एकूण लागलेले मिली गुणिले २० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे मिलिग्रॅम. सोड्याच्या सरोवराचं पाणी तसंच घेतलं तर ब्युरेट (आम्ल सोडायची मापनळी) पुन्हा पुन्हा भरावी लागते. उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ करा आणि उत्तराला दहाने गुणा.

शेवटचा बाक :
२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा बातम्यांत 'क्षार वाढल्याने' असं होतं. ते चूक?

खडपा :
अपुरं. पाणी आटून क्षारता वाढली हे खरं, पण रंग क्षारांचा नव्हता. मिठात वाढणाऱ्या आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांचा होता. एरवीचा हिरवा रंगही असाच जिवंत, सायनोबॅक्टेरियांचा.

पाणथळ :
मग असं करतो : 'लोणारचे पाणी खारट असून तीव्र अल्कधर्मी (सामू सुमारे १०) आहे.'

ब्युरेट :
चालेल. 'सुमारे'च्या पुढे मोजणीचा महिना आणि वर्ष घाला. मे आणि सप्टेंबरचं पाणी सारखं नसतं.