अनुभव धागा : आयरिश भाषेत आजीला हाक कशी मारायची, कशी लिहायची, आणि कुठे चुकतं

आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळेत आयरिश हा विषय असतो आणि ‘माझं कुटुंब’ हा पाठ लवकर येतो. तिथे आजी भेटते आणि घरोघरी गोंधळ सुरू होतो. शब्दकोशात एक शब्द, बाईंच्या तोंडी दुसरा, शेजारच्या आयरिश घरात तिसरा. ज्यांना या भाषेची चांगली जाण आहे त्यांनी इथे लिहावं: कोणता शब्द कुठल्या भागातला, उच्चार काय, स्पेलिंगमध्ये काय सांभाळायचं, हाक मारताना शब्द कसा बदलतो. घरच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू, इथे फक्त उपयोगी पडेल ते. आयरिश शब्द देवनागरीतच लिहू या. ख़ म्हणजे ‘ख़ुदा’तला, ग़ म्हणजे ‘ग़ज़ल’मधला. गझल ऐकणाऱ्यांना हे दोन्ही ध्वनी जमतात, तेवढा फायदा आपल्याला आहेच.

गॉलवेहून

सुरुवात ‘मामो’पासून. कॉनॉक्टमध्ये, म्हणजे कॉनमारा आणि अरन बेटांच्या बाजूला, आजीसाठी लाडाचा रोजचा शब्द हाच, आणि शाळेच्या पुस्तकांमुळे आता तो देशभर पोचलाय. स्पेलिंग एम-ए-एम-ओ, शेवटच्या ओ वर फाडा. फाडा म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ, ती स्वर लांब करते.

शब्दकोशातला औपचारिक शब्द ‘शॅनवॉहिर’. ‘शॅन’ म्हणजे जुना-जुनी, ‘मॉहिर’ म्हणजे आई. जोडशब्दात ‘मॉहिर’च्या एम-पुढे एच येतो आणि म चा व होतो. जुन्या छपाईत मध्ये जोडरेघ असायची, आता सलग लिहितात. हा शब्द आजी*बद्दल* बोलताना वापरायचा. आजीला तोंडावर ‘शॅनवॉहिर’ म्हणणं म्हणजे आपण घरात ‘अहो पितामही’ म्हणण्यासारखं आहे. व्याकरणाने बरोबर, पण कोणी म्हणत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयरिशमध्ये हाक मारताना नावाआधी ‘अ’ लागतो आणि पुढचं व्यंजन मऊ होतं. म्हणून आजीबद्दल बोलताना ‘मामो’, पण आजीला हाक ‘अ वामो!’ लिहिताना ए सुटा आणि लहान, मग मोठा एम, लहान एच, पुढे बाकीचा शब्द. आजोबा ‘दाद्यो’, त्यांना हाक ‘अ ग़ाद्यो’. शॅनवॉहिरला कोणी हाक मारलीच तर ‘अ हॅनवॉहिर’, कारण श चा ह होतो. वर्गात मुलं नुसतं ‘मामो’ म्हणतात तेही चालवून घेतात, पण ज्या घरात आयरिश बोलली जाते तिथे ते कानाला खटकतं.

‘माझी’ म्हणतानाही हाच बदल होतो: मो वामो, मो ग़ाद्यो, मो हॅनवॉहिर.

डनेगॉलची आयरिश शिकवणारी

वरचं सगळं बरोबर आहे, पण उत्तरेचं थोडं सांगायला हवं. अल्स्टरच्या बोलीत, ग्वीडोर वगैरे भागात, आजी म्हणजे ‘मॉहिर वोर’, शब्दशः मोठी आई. आजोबा ‘अहिर मोर’. आई स्त्रीलिंगी म्हणून ‘मोर’चं ‘वोर’ झालं, बाप पुल्लिंगी म्हणून ‘मोर’ तसंच राहिलं. हे एक जोडपं नीट पाठ झालं की विशेषण कधी मऊ करायचं हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

उच्चारात दोन फरक. उत्तरेत लांब आ जवळजवळ ‘ॅ’सारखा येतो, त्यामुळे वॉहिरचं ‘वॅहिर’ ऐकू येतं. आणि दाद्योमधला दुसरा द ज कडे झुकतो, ‘दाज्यो’.

पहिला द मात्र दंत्य, आपल्या ‘दादा’तला. आयरिशमधले जाड (म्हणजे ए, ओ, यू या स्वरांशेजारचे) त-द हे आपले त-दच आहेत, ट-ड नव्हेत. मराठी माणसं इंग्रजीच्या सवयीने ‘डॅडिओ’ म्हणतात आणि उगाच चुकतात. आपल्या तोंडात बरोबर ध्वनी तयार असताना तो सोडू नये.

कॉर्कहून

दक्षिणेचं राहिलं. मन्स्टरमध्ये, म्हणजे केरी, कॉर्क आणि वॉटरफर्डजवळच्या रिंगच्या बाजूला, जुना शब्द ‘मॉहिर ख़्रीना’. ‘क्रीना’ म्हणजे वयाने पिकलेली आणि शहाणी, दोन्ही अर्थ त्यात एकत्र. आजोबा ‘अहिर क्रीना’. या बोलीत जोर लांब स्वरावर सरकतो. गॉलवेत शॅनवॉहिरचा जोर ‘शॅन’वर, इथे ‘वॉ’वर.

आणखी एक. एम-एचचा जाड उच्चार कॉनॉक्ट-अल्स्टरमध्ये इंग्रजी डब्ल्यूसारखा, मन्स्टरमध्ये व्हीसारखा. देवनागरीत दोन्हीला ‘व’च लिहावं लागतं, त्यामुळे या धाग्यात तो फरक दिसणार नाही. कानाने पकडा. टीअँगलन नावाच्या संकेतस्थळावर एकच शब्द तिन्ही बोलींत म्हटलेला ऐकता येतो, शब्दाखाली यू, सी, एम अशी तीन बटणं असतात. मूल ज्या भागात शिकतंय तेच बटण दाबा. तिन्हींची भेसळ केली की उच्चार कुठलाच राहत नाही.

प्राथमिक शाळेत शिकवणारी, डब्लिन

‘मो हॅलख़’, माझं कुटुंब, या गृहपाठात दरवर्षी तपासाव्या लागणाऱ्या गोष्टी:

‘ही माझी आजी’ म्हणजे ‘शो ई मो वामो’. आजोबांना ‘शो ए मो ग़ाद्यो’. ई आणि ए ची अदलाबदल फार होते.

‘माझी आजी भारतात राहते’: ‘तॉ मो वामो इना कोनी सन इंडिया’. आजोबांसाठी ‘तॉ मो ग़ाद्यो इना ख़ोनी सन इंडिया’. हा क आणि ख़ नीट बघा. ‘राहते’चा शब्दशः भाव ‘तिच्या राहण्यात आहे’ असा. ‘तिच्या’ने पुढचं व्यंजन बदलत नाही, ‘त्याच्या’ने मऊ होतं. ‘तिचा, त्याचा, त्यांचा’ या तिन्हींना आयरिशमध्ये एकच शब्द, ‘अ’. कोणाचा ते फक्त पुढच्या अक्षरावरून कळतं. तिचे आजोबा ‘अ दाद्यो’, त्याचे ‘अ ग़ाद्यो’, त्यांचे ‘अ नाद्यो’. शेवटच्यात लिहिताना डी आधी लहान एन येतो, डी पुसत नाहीत. त्यामुळे क चा ख़ करायचा राहिला की आजोबांची आजी होते. पालकांना ही बारीक चूक वाटते, पण अख्ख्या वाक्याचा अर्थ तिथेच अडकलेला असतो.

मराठी मुलांची खास अडचण म्हणजे ‘मामी’. आयरिशमध्ये तो लाडाचा शब्द आईसाठी आहे, शेवटी ए-आय, आय वर फाडा. मुलं ‘मामी’ ऐकून मामाची बायको लिहितात आणि कुटुंबवृक्ष कोलमडतो. पहिल्याच दिवशी सांगून टाकावं: मामी आई, मामो आजी, दादी बाबा, दाद्यो आजोबा. हो, ‘दादी’ म्हणजे बाबा! हिंदी येणाऱ्या मुलांना हे दोनदा सांगावं लागतं.

लिमरिक

‘मोरी’ हाही आजीसाठी लाडाचा शब्द आहे, ‘मोर’पासूनच आलेला. मराठी घरात तो का चालणार नाही हे सांगायला नको.

अक्षरं कोरण्याचं आणि छपाईचं काम करणारा

कप, उशीचे अभ्रे, लाकडी पाट्या, थडग्यावरचे दगड, या सगळ्यांवर आजीचं नाव येतं आणि चुकाही त्याच त्या येतात.

फाडा नेहमी उजवीकडे चढणारी, आपल्या लिहिण्याच्या दिशेने वर जाणारी. डावीकडून खाली उतरणारी रेघ ही स्कॉटिश गेलिकची. तिथे आजी ‘शेनवर’च्या जवळपासची, भाषा बहीण असली तरी वेगळी. आयात केलेल्या वस्तूंवर उलटी रेघ बऱ्याचदा दिसते. ओ नंतर नुसता अपॉस्ट्रॉफी मारणं ही दुसरी चूक. रेघ स्वराच्या डोक्यावरच हवी, आणि मोठ्या लिपीतही ती गाळायची नाही.

‘शॅनवॉहिर’मध्ये फाडा एकच, वॉ मधल्या ए वर. पहिल्या ‘शॅन’वर फाडा दिली की ते शॉन हे पुरुषाचं नाव होतं. उलट शॉन नावाच्या माणसाची फाडा गाळली की त्याचं नाव ‘जुना’ होतं. एका रेघेचा खेळ आहे.

‘दाद्यो’ला फाडा लागत नाही. ई-ओ एकत्र आले की ओ आपोआप लांब (‘शो’सारखे थोडे अपवाद आहेत). ‘मामो’त मात्र नुसता ओ, म्हणून तिथे हवीच. ‘माम्यो’ असंही एक रूप चालतं, त्यात ई-ओ आहे. नियमाने फाडा नको, पण भेटवस्तूंवर ती सर्रास छापतात. गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवावीत आणि घरात आधीपासून जे लिहितात ते ठेवावं.

सगळं मोठ्या अक्षरात कोरायचं असेल तर ‘अ वामो’मधला एच मोठा चालतो. पण ‘अ नाद्यो’मधला आधी जोडलेला एन लहानच ठेवायचा. संगणकाने सगळं मोठं करून दिलेलं असतं, तेवढं हाताने दुरुस्त करावं.

टाइप कसं करायचं: फोनवर ओ दाबून धरा, वरच्या पट्टीत येतो. विंडोजवर आयरिश कीबोर्ड घेतला तर उजवीकडचं ऑल्ट जीआर आणि स्वर. भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर ऑल्ट धरून अंकपट्टीवर 0243 म्हणजे फाडावाला लहान ओ, 0225 म्हणजे ए, 0237 म्हणजे आय.

दगडावर ‘प्रेमळ स्मृतीत’ अशा अर्थाचं ‘इ नीलख़िव्ने एर’ लिहितात. पुढे ‘माझी आजी’ असेल तर ‘मो हॅनवॉहिर’, एस नंतर एच. ‘आमची आजी’ असेल तर एच नाही, ‘आर शॅनवॉहिर’. मसुदा बदलताना ‘माझी’चं ‘आमची’ करतात आणि एच तसाच राहून जातो. दगडावरून तो पुसता येत नाही, म्हणून सर्वनाम ठरल्याशिवाय छिन्नी लावू नये. जुन्या गेलिक वळणाच्या अक्षरांत एच नसतोच, व्यंजनावर टिंब असतं. ते वळण हवं असेल तर टिंब द्यायचं आणि एच काढायचा, दोन्ही ठेवायचं नाही.

कॉर्कहून, पुन्हा

शुभेच्छापत्रासाठी तयार वाक्यं देतो, कारण भाषांतराचं यंत्र इथे हमखास ‘शॅनवॉहिर’ देतं आणि पत्र सरकारी वाटायला लागतं.

वाढदिवस: ‘लॉ ब्रेहे सोना दिच, अ वामो.’ मन्स्टरमध्ये शेवटी ‘दित’. आजी-आजोबा दोघांना मिळून काही लिहायचं असेल तर ‘दिच’च्या जागी ‘दीव’, ते अनेकवचन. आदरार्थी अनेकवचन मात्र आयरिशमध्ये नाही. एकट्या आजीला ‘दीव’ लिहिलं तर मान दिल्यासारखं होत नाही, ती दोन होते. मराठी मुलं ‘तुम्हाला’च्या सवयीने इथे घसरतात. ‘अ’च्या आधी स्वल्पविराम ठेवा.

आजी उलट काय म्हणते तेही माहीत असावं: ‘अ स्तोर’ (माझ्या ठेव्या), ‘अ ख़्री’ (काळजा), ‘अ ल्यॅनव’ (बाळा). ‘स्तोर’ हाकेत बदलत नाही, कारण एस नंतर टी असला की एस मऊ होत नाही. आयर्लंडच्या इंग्रजीत हेच शब्द ‘अस्थोर’ आणि ‘अलाना’ होऊन शिरलेत.

डनेगॉलची, पुन्हा

आईची आई की बाबांची आई? आपल्या ‘आजी’सारखाच ‘मामो’ दोघींना चालतो. फरक करायचाच असेल तर बाबांची आई ‘मॉहिर महर’, आईची आई ‘मॉहिर मो वॉहर’. ही माहिती सांगण्याची रूपं आहेत, हाकेची नव्हेत. घरात वेगळेपणा ठेवायला एकीला मामो आणि दुसरीला नॅना म्हणणं सर्वांत सोपं. न बदलत नसल्यामुळे ‘नॅना’ हाकेतही तशीच राहते. डब्लिनच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांत नॅना आणि नॅनी, उत्तरेत ग्रॅनी जास्त ऐकू येतं.

जुन्या रिवाजात थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला बाबांच्या आईचं. त्यामुळे एका घरात दोन मॉर्या असायच्या. मोठी ती ‘मॉर्या वोर’, लहान ती ‘मॉर्या व्यग’. घराण्याचा शोध घेताना ही जोडी दिसली तर आजी-नात असण्याची शक्यता आधी तपासा.

पणजी ‘शिन-शॅनवॉहिर’, यात जोडरेघ आजही लागते.

गॉलवेहून, पुन्हा

कुठल्या गावात कुठला शब्द होता हे स्वतः बघायचं असेल तर दूख़स या संकेतस्थळावर 1937 ते 1939 मधला शालेय संग्रह आहे. 26 परगण्यांतल्या सुमारे 5,000 शाळांतल्या 50,000हून अधिक मुलांनी घरातल्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवलं. परगणा, मग शाळा असं शोधत जाता येतं. प्रमाण लेखन 1958 मध्ये ठरलं, त्यामुळे या वह्यांत आजचं स्पेलिंग टाकून काहीच सापडलं नाही तर जोडरेघेसह टाका, ‘शॅन’च्या शेवटी ए जोडूनही बघा. अर्थात मुलांनी कागदावर बहुतेक औपचारिक शब्द लिहिलेत, लाडाचे कमी.

प्राथमिक शाळेत शिकवणारी, डब्लिन

एकच राहिलं. मुलाला आयरिश वाक्यात ‘आजी’च म्हणायचं असेल तर म्हणू द्यावं, व्याकरण ते सामावून घेतं. स्वराआधी ‘मो’चा ओ गळतो, म्हणून माझी आजी ‘माजी’, म नंतर अपॉस्ट्रॉफी. तिची आजी ‘अ हाजी’, त्याची ‘अ आजी’, त्यांची ‘अ नाजी’. काही शिक्षक परक्या शब्दाला हे बदल लावत नाहीत, तेव्हा वहीत लिहिण्याआधी वर्गात विचारून घ्यावं. वाक्याचा बाकीचा भाग, ‘शो ई’ आणि ‘इना कोनी’, मात्र तसाच राहतो.