सिकलसेल असलेल्या बहिणीने कोणते बैठे काम निवडावे?

वैनगंगाकाठ
माझी धाकटी बहीण यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाली. तिला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. ती केवळ वाहक नसून तिचा अहवाल ‘एसएस’ आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेले आहे. औषधे नियमित चालू असूनही अधूनमधून हातापायांत असह्य वेदना उठतात आणि काही दिवस अंथरूण धरावे लागते. हिशेबात ती तरबेज आहे. घरच्यांचा आग्रह तलाठी किंवा बँकेच्या परीक्षेचा आहे, तर तिला सीए व्हायचे आहे. तिला काय झेपेल?

खतावणी
तलाठ्याचे काम बैठे नाही. पंचनामे आणि पीक पाहणीसाठी उन्हातान्हात शिवार तुडवावे लागते, त्यामुळे तो पर्याय सोडून द्यावा. बँकेत लिपिकाचे पद त्यातल्या त्यात बरे, कारण अधिकाऱ्यांच्या बदल्या लांबलांब होतात.

सीएचा अभ्यास घरी बसून होतो. खरी कसोटी दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात लागते. मोठ्या फर्ममध्ये ऑडिटसाठी बाहेरगावी राहावे लागते आणि सप्टेंबरअखेर कर लेखापरीक्षणाच्या मुदतीपायी रात्री जागवाव्या लागतात. म्हणून प्रामुख्याने जीएसटी आणि विवरणपत्रांचे काम करणारी लहान फर्म शोधावी आणि आजाराची कल्पना सुरुवातीलाच द्यावी. अर्थात तिथेही दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरावे लागते; नेमक्या त्याच आठवड्यात दुखणे उद्भवले तर काम सांभाळणारा दुसरा कोणी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. माझ्या मते पगाराच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

परिचारिका, चंद्रपूर
खुर्चीवरचे काम म्हणजे निर्धोक काम, असे समजू नये. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम या तिन्हींमुळे वेदना उठू शकतात. दिवसभर एसीचा झोत अंगावर येणारी जागा तिच्यासाठी वाईटच. कार्यालयातील स्वच्छतागृह धड नसले की मुली पाणी पिणेच टाळतात, आणि हे तर हमखास घडते! मेडिकल कोडिंगच्या (रुग्णांच्या नोंदींना ठरावीक संकेतांक देण्याच्या संगणकावरील कामाच्या) जाहिराती पाहून मोहात पडण्याआधी रात्रपाळी आहे का, रोजचे टार्गेट किती आणि घरून काम करता येते का, याची चौकशी करावी.

नियमावली
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील ५ टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरेल. मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण ज्या प्रवर्गांना आहे, त्यांत रक्तविकार नाहीत, आणि इथेच अनेकांची फसगत होते. या आजारामुळे काहींच्या खुब्याचे हाड झिजते. तसे असल्यास अस्थिव्यंगाच्या निकषावर वेगळी तपासणी होऊ शकते.

वैनगंगाकाठ
आभारी आहे. चालताना तिचा उजवा खुबा दुखतो, पण आम्ही ते नेहमीचेच दुखणे समजत होतो. या तपासणीसाठी थेट जिल्हा रुग्णालयात जावे का?

परिचारिका, चंद्रपूर
होय, पण दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा आणि सिकलसेलचा अहवाल सोबत न्या.