मैदान सोडलेल्या मल्लाला 'माजी' म्हणावे का?

'माजी हिंदकेसरी', 'माजी महाराष्ट्र केसरी' असे शब्दप्रयोग बातम्यांत आणि निमंत्रणपत्रिकांत सर्रास आढळतात. कोल्हापुरात तालमीच्या शेजारी वाढलेल्या माझ्यासारख्याला ते फार खटकतात. ते का खटकतात, याविषयी येथे चर्चा व्हावी असे वाटते.

'माजी' हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ होऊन गेलेला, गतकाळातला असा आहे. मराठीत तो पदाला जोडला जातो: माजी आमदार, माजी नगराध्यक्ष, माजी कर्णधार. पद दुसऱ्याकडे गेले की आधीचा माणूस माजी ठरतो. हिंदकेसरी हे मात्र पद नव्हे, तो किताब आहे. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले आणि १९६० मध्ये गणपतराव आंदळकरांनी तोच किताब जिंकला, म्हणून खंचनाळ्यांचा किताब काही काढून घेतला गेला नाही. ते अखेरपर्यंत हिंदकेसरीच राहिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना 'माजी पदकविजेते' म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग हिंदकेसरींनाच ते बिरुद का चिकटवावे?

बुद्धिबळातील 'जगज्जेता' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तेथे किताब एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. २०१३ मध्ये विश्वनाथन आनंद मॅग्नस कार्लसनकडून हरले, तेव्हापासून ते 'माजी जगज्जेते' आहेत आणि हा प्रयोग बिनचूक आहे.

'निवृत्त' या शब्दाला नोकरीचा वास येतो, त्यामुळे तोही मातीतल्या माणसाला शोभत नाही. तालमीत लोक 'त्यांनी कुस्ती सोडली' एवढेच म्हणतात, आणि सोडल्यानंतरच्या माणसासाठी त्यांच्याकडे 'वस्ताद' हा भारदस्त शब्द आहे. फारसी 'उस्ताद'चे हे मराठी रूप. इतरत्र 'तो मोठा वस्ताद आहे' म्हटले की लबाडीची छटा येते. कोल्हापुरात मात्र तालमीच्या दारात हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि १९७० व १९७१ चे महाराष्ट्र केसरी दादू चौगुले हे त्यांचे पठ्ठे. 'पठ्ठा' हा शब्दही येथे लक्षात घ्यावा: तो नुसता तरुण मल्ल नसतो, तो कोणाचा तरी पठ्ठा असतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो क्रियापदातील बदल. ऐन उमेदीत मल्ल 'कुस्ती मारतो', म्हणजे जिंकतो. वय झाल्यावर तोच मल्ल 'कुस्ती लावतो'. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात हे अगदी जवळून पाहिले आहे: फेटा बांधलेले, गुडघे धरून सावकाश आखाड्यात उतरलेले वस्ताद, कान पिळवटलेले, दोन्ही पोरे त्यांच्या पाया पडतात, ते एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतात, चिमूटभर तांबडी माती दोघांच्या खांद्यांवर टाकतात आणि मागे सरतात. हलगीचा ठेका वाढतो. ज्या भाषेत या मागे सरण्यालाही 'लावणे' असे कर्तरी क्रियापद आहे, तिला 'माजी'ची उसनवारी कशाला?

'पठ्ठा' हा शब्द आखाड्याबाहेरही चालेल असे मला वाटते. २०२३ मध्ये डी. गुकेशने आनंद यांना मागे टाकून भारतातील पहिले मानांकन मिळवले आणि २०२४ मध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. गुकेश ज्या अकादमीच्या मार्गदर्शनाखाली घडला, ती आनंद यांच्याच पुढाकारातली. आमच्याकडचा माणूस सरळ म्हणेल, 'आनंदचा पठ्ठा.'

एक शंका उरते. आता मुलीही आखाड्यात उतरतात आणि आणखी काही वर्षांनी त्यांतल्या काहीजणी नव्या पोरींच्या कुस्त्या लावतील. त्यांना काय म्हणावे? 'वकील'प्रमाणे 'वस्ताद'ही दोन्ही लिंगी वापरावा, असे माझे मत आहे. पण सांगली-साताऱ्याकडच्या किंवा पुण्याच्या तालमींत एखादा वेगळा शब्द रुळला असेल, तर जाणकारांनी तो अवश्य नोंदवावा.