प्रसूतीच्या चार तारखा आल्या आहेत, कोणती धरायची?

माहेरवाशीण_सातारा
बहिणीच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १२ मार्च २०२५. पाळी नियमित, पण ३५ दिवसांनी येणारी. हाताने नऊ महिने सात दिवस मोजले की १९ डिसेंबर येते. ॲप १७ म्हणतं. १२ मेच्या सोनोग्राफीत सीआरएल (गर्भाची लांबी) १४ मिमी, म्हणजे ७ आठवडे ५ दिवस, आणि तारीख २४ डिसेंबर. आता ३२व्या आठवड्याच्या रिपोर्टवर ९ डिसेंबर छापून आलीय. आजी अर्थातच नऊ महिने नऊ दिवसांवर ठाम!

आकडेमोड
१७ की १९ यात फार अडकू नका. मूळ हिशेब २८० दिवसांचा. महिने लहानमोठे असल्याने 'नऊ महिने सात दिवस' कधी २८० भरतात, कधी २८३. ॲप सरळ दिवस मोजतं.

खरी गोम ३५ दिवसांच्या पाळीत आहे. दोन्ही हिशेब २८ दिवसांची पाळी आणि १४व्या दिवशी स्त्रीबीज सुटणं गृहीत धरतात. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचाच राहतो. पाळी लांबते ती त्याआधी. म्हणजे इथे बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. १७ मध्ये ७ मिळवा: २४ डिसेंबर. ॲपमध्ये पाळीचं अंतर ३५ भरलं असतं तर, ते धरणारं ॲप असल्यास, तेही हेच म्हणालं असतं.

लेबररूम
सहमत, २४ डिसेंबरच. सीआरएल म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. सुरुवातीला सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून हे माप सर्वांत भरवशाचं. पाळीनुसार ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत ५ दिवसांपेक्षा जास्त फरक आला, किंवा ९ ते १३ आठवडे ६ दिवसांत ७ पेक्षा जास्त, तर सोनोग्राफीची तारीख घ्यायची. तुमच्याकडे १२ मे रोजी पाळीप्रमाणे ८ आठवडे ५ दिवस होते, फरक ७ दिवसांचा. माता-बाल संरक्षण कार्डावर अजून १७ किंवा १९ असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

माहेरवाशीण_सातारा
मग ९ डिसेंबर आली कुठून? मशीन नवीन आहे म्हणे.

लेबररूम
मशीन कितीही नवीन असो. शेवटच्या तिमाहीत ते डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सरासरी वय काढतं, आणि तोवर काही बाळं अंगाने मोठी, काही बारीक झालेली असतात. २८ आठवड्यांनंतर तीन आठवड्यांपर्यंतचा फरक चालतो. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की बाळ सरासरीपेक्षा थोडं मोठं भरतंय. आईची साखर वाढली तरी बाळ मोठं भरतं, म्हणून बहिणीची साखर तपासली आहे ना, ते विचारा. पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतर हलवायची नाही. बाळ लहान भरत असेल तर तारीख हलवणं जास्त महाग पडतं: बाळाची वाढ खुंटलेली असते, रिपोर्ट तारीख पुढे ढकलतो आणि सगळे निर्धास्त होतात.

आकडेमोड
दुसऱ्या कोणी हा धागा वाचत असेल तर: आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) पाळी मोजूच नका. पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस, तीन दिवसांचा असेल तर २६३. अंगावर पाजत असताना किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवल्यावर दिवस राहिले असतील तर पाळीच्या तारखेवर भिस्त नको, लवकर सोनोग्राफी करा. गर्भ रुजताना थोडं डाग लागणंही कधीकधी पाळी समजलं जातं आणि हिशेब महिन्याभराने चुकतो.

लेबररूम
आणि सिझेरियनचा मुहूर्त काढणाऱ्यांसाठी. ठरवून करायचं सिझेरियन, दुसरं वैद्यकीय कारण नसेल तर, ३९ आठवडे भरल्याशिवाय करत नाहीत, कारण आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. १७ डिसेंबर धरली तर ३९ आठवडे १० तारखेला भरतात, २४ धरली तर १७ला. गुरुजींना तारखा विचारायच्याच असतील तर १७च्या पुढच्या विचारा. कळा आपणहून आल्या नाहीत तर ४१ आठवड्यांचा, म्हणजे कळा सुरू करायच्या का हे ठरवण्याचा, दिवसही २४ नव्हे, ३१ डिसेंबर.