ऊसतोड कुटुंबांतले बालविवाह : पीएचडीचा आराखडा, नमुना आणि एथिक्स कमिटी

प्रश्न : रानवाटा

समाजकार्य विषयात पीएचडी नोंदणी झाली आहे. विषय : हंगामी स्थलांतर, मुलींची शाळागळती, बालविवाह आणि लवकरचं बाळंतपण यांचा संबंध. क्षेत्र बीड जिल्ह्यातले धारूर आणि शिरूर कासार हे दोन तालुके.

आराखडा सध्या असा : १५ ते १९ वयोगटातल्या ३०० विवाहित मुलींच्या मुलाखती, प्रश्नावली ८४ प्रश्नांची, शिवाय प्रत्येकीचं हिमोग्लोबिन. मुली शोधण्यासाठी मुकादमांची (ऊसतोडीसाठी मजूर पुरवणारे कंत्राटदार) मदत घ्यायची, कारण कोणत्या घरातून किती कोयते (एक कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) जातात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. क्षेत्रकाम दिवाळीच्या सुट्टीनंतर.

अडचणी तीन. विद्यापीठात एथिक्स कमिटी (संशोधनातल्या सहभागींच्या हिताची तपासणी करून मंजुरी देणारी समिती) नाही, गाईड म्हणतात सामाजिक संशोधनाला ती लागत नाही. पोक्सोमुळे (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) मुलाखत घेणाऱ्यावर काही जबाबदारी येते का, हे कुणी नीट सांगत नाही. आणि ३०० हा आकडा पुरेसा आहे का? आरोग्य, शिक्षण, कायदा आणि कुटुंब असे चारही धागे एका अभ्यासात पेलतात का, तेही सांगा.

उत्तर १ : कलम_आणि_कागद

आधी कायद्याचं, कारण त्यावरून तुमचा वयोगटच बदलावा लागेल.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ प्रमाणे मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. कलम ३ प्रमाणे असा विवाह आपोआप रद्द होत नाही. लग्नाच्या वेळी जी व्यक्ती अल्पवयीन होती तिच्या अर्जावरून, ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, तो रद्द करता येतो. काही प्रकारांत (पळवून नेणं, विक्री वगैरे) कलम १२ खाली तो मुळातच शून्य ठरतो. कलम ९ प्रमाणे १८ वर्षांवरच्या नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न लावणारे, जुळवणारे, हजर राहून सामील होणारे आणि आईवडील कलम १० आणि ११ मध्ये येतात. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीला प्रामाणिक उत्तर देणारं जवळपास प्रत्येक घर स्वतःच्या गुन्ह्याची माहिती देत असतं.

पोक्सो याहून कडक आहे. कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्दप्रयोग आहे. गुन्हा घडल्याची माहिती असेल तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संशोधकाला यात सूट नाही. ११ ऑक्टोबर २०१७ च्या ‘इंडिपेंडंट थॉट’ निकालापासून १८ वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आता तेच वय लिहिलेलं आहे. सतरा वर्षांची मुलगी ‘मी पाच महिन्यांची आहे’ म्हणाली की तुमच्याकडे गुन्ह्याची माहिती आली.

संमतीचा पेच तर आणखी अवघड. १८ खालच्या सहभागीसाठी पालकाची संमती आणि तिची स्वतःची सहमती अशी दोन्ही लागतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६, कलम ६ (ग) प्रमाणे विवाहित अल्पवयीन मुलीचा पालक तिचा नवरा! ज्याच्यावर कलम ९ लागू होऊ शकतं त्याचीच सही घेऊन तिला बोलतं करायचं, हे कोणत्याही कमिटीने मान्य करू नये.

आणखी एक. वकील आणि अशील, पती आणि पत्नी यांच्यातल्या बोलण्याला पुरावा कायद्यात जसं संरक्षण आहे, तसं संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने मागितलं तर रेकॉर्डिंग द्यावं लागेल. त्यामुळे ‘माहिती पूर्ण गोपनीय राहील’ असं संमतीपत्रात बिनशर्त लिहू नका. गोपनीय म्हणजे नाव तुम्हाला माहीत आहे पण सांगणार नाही. अनामिक म्हणजे नाव तुम्हालाही माहीत नाही. शक्य तिथे दुसरा मार्ग धरा. फॉर्मवर नाव, गाव, फोन नको, फक्त क्रमांक हवा. आणि क्रमांक ते नाव अशी यादी मुळात बनवूच नका. पुन्हा भेट घ्यायची नसेल तर तिची गरजही नसते.

माझा सल्ला : १८ खालच्या कुणाचीही थेट मुलाखत नको. २० ते २४ वयाच्या स्त्रियांना मागचं विचारा. त्यातही कलम १९ च्या शब्दांत ‘आता सज्ञान झालेली’ असा अपवाद नाही, म्हणून कमिटीकडून याबाबत लेखी मत घ्या आणि लैंगिक संबंधांचा एकही प्रश्न ठेवू नका. अभ्यासाला त्याची गरज नाही.

उत्तर २ : आकडेमोड

वरच्या उत्तराशी सहमत, आणि त्याला संख्याशास्त्रीय कारणही आहे. १५ ते १९ च्या फक्त विवाहित मुली घेतल्या तर ज्यांचं लग्न झालंच नाही त्या अभ्यासातूनच बाहेर जातात. मग तुलना कुणाशी? आणि सोळा वर्षांची अविवाहित मुलगी सतराव्या वर्षी बोहल्यावर चढू शकते. तिचं उत्तर अजून अपूर्ण आहे. म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण २० ते २४ वयोगटावर काढतं.

त्या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे : भारत २३.३ टक्के, महाराष्ट्र २१.९, बीड ४३.७, परभणी ४८. हे वापरताना दोन गोष्टी प्रबंधात लिहा. महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं, म्हणजे लॉकडाऊनमध्ये बालविवाह वाढले की नाही याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, तरी तो सर्रास त्यासाठी दिला जातो. दुसरं, राज्यात ३६ जिल्ह्यांत मिळून सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. एका जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जेमतेम दीडशे येतात. एवढ्या नमुन्यावर ४३.७ च्या दोन्ही बाजूंना ८ ते १० टक्क्यांचं अंतर धरावं लागतं. म्हणून बीड आणि परभणी यांच्यात क्रम लावू नका.

आता तुमचे ३००. प्रमाण ४४ टक्के, चूक ५ टक्के धरली तर साध्या नमुन्याला ३७९ लागतात. गावं निवडून मग घरं निवडणार, म्हणून डिझाइन इफेक्ट (अशा निवडीमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा) २ धरा : ७५८. दहा टक्के नकार धरून ८४२, म्हणजे साधारण ४० गावं आणि प्रत्येकी २१ स्त्रिया. पण तुमचा प्रश्न टक्केवारीचा नाही, संबंधाचा आहे. स्थलांतर करणाऱ्या घरांत ५० टक्के आणि न करणाऱ्यांत ३८ टक्के असा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात साधारण २६५, आणि डिझाइन इफेक्ट १.५ धरून ४००. दोन्ही गट त्याच गावांतून घ्या. नाहीतर शाळेचं अंतर, पाणी, जात, जमीन यांचा फरक स्थलांतराच्या नावावर चढेल.

मोठी गफलत होते ती इथे : गावात भेटणाऱ्या २० ते २४ च्या स्त्रिया बहुतेक सुना असतात. त्यांचं बालपण दुसऱ्या गावात गेलं. गावच्या लेकी सासरी गेलेल्या. सुनेच्या बालविवाहाचा संबंध सासरच्या गावातल्या शाळेशी जोडला तर सगळं विश्लेषण वाया. उपाय म्हणजे घरातल्या आईकडून तिच्या सगळ्या मुलींची यादी घ्यायची, सासरी गेलेल्यांसह : जन्मक्रम, पहिलीत गेल्याचं वर्ष, शेवटची इयत्ता, लग्नाचं वर्ष. नोंद फक्त आज २० ते २४ वयाच्या मुलींची. लग्नाचं वय थेट विचारलं की सगळीकडे ‘अठरा पूर्ण’ हेच ऐकू येईल. वर्षं वेगवेगळी विचारून वय आपण काढायचं. मग वयाचा आलेख काढून बघा. १८ वर उंच खांब आणि १७ वर खड्डा दिसला तर उत्तरं सरकवलेली आहेत.

मुकादम मात्र नको. त्याच्याकडून उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतलेल्या घराला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. शिवाय उचल फिटलेली, सोडून गेलेली, अर्धा कोयता (जोडीऐवजी एकटा मजूर) असलेली घरं त्याच्या यादीत सापडत नाहीत. अंगणवाडीची कुटुंब पाहणी आणि ग्रामपंचायतीची यादी एकत्र करून स्वतः घरयादी करा.

उत्तर ३ : खडूफळा

क्षेत्रकाम दिवाळीनंतर ठेवलंत तर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. मोळी पडली (गाळप सुरू झालं) की टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावरच (हंगाम संपल्यावर), मार्च-एप्रिलमध्ये, परततात. जुलै ते सप्टेंबर हा काळ धरा. घरयादी जूनमध्ये उरका.

शाळेच्या नोंदींबद्दल. जनरल रजिस्टर (शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही) हा उत्तम स्रोत आहे, पण ते वाचायचं कसं ते समजून घ्या. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ किंवा ‘पुढील शिक्षणासाठी’ एवढंच असतं. ‘लग्न’ असं कुणी लिहीत नाही. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथी-पाचवीला किंवा सातवी-आठवीला संपते, पुढचं हायस्कूल मोठ्या गावात. दाखला नेला पण नववीत नाव नाही, अशा मुली या दोन रजिस्टरांच्या मधे हरवतात. म्हणून एका तुकडीच्या पाचवीतल्या सगळ्या मुलींची यादी करून त्यांना पुढच्या हायस्कूलच्या रजिस्टरात शोधा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे, त्यामुळे आठवीनंतर गळलेल्या मुलीचा शोध घेण्याचं बंधन यंत्रणेवर राहत नाही. तुमचा खरा धोक्याचा काळ नेमका तिथून सुरू होतो.

हजेरीपट एकट्यावर विसंबू नका, शालेय पोषण आहाराच्या नोंदीशी ताडून बघा. ‘स्थलांतर’ हा रकाना हो-नाही असा ठेवू नका. मुलगी फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) गेली, आजीजवळ राहिली, हंगामी वसतिगृहात राहिली की शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) घेऊन तिकडच्या शाळेत बसली, या चार वेगळ्या परिस्थिती आहेत.

त्यासाठी प्रश्नावलीपेक्षा वर्षांचा तक्ता जास्त उपयोगी. ओळीत वय १० ते १९, रकान्यात शाळा, हंगाम, सोयरीक, लग्न, सासरी जाणं, पहिलं बाळंतपण. वर्ष आठवत नसेल तर खुणा द्या : नोटाबंदी, लॉकडाऊन, मोठ्या भावाची दहावी. ‘शाळा कधी सुटली’ आणि ‘सोयरीक कधी जमली’ ही दोन वर्षं वेगळी विचारली तरच कशामुळे काय झालं ते हाती लागेल. शाळा आधी सुटली आणि मग स्थळ आलं, की सुपारी फुटली म्हणून शाळा सोडली? दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. आज २० ते २४ वयाच्या मुली २०२० साली किशोरवयात होत्या, त्यामुळे लॉकडाऊनचा काळही या तक्त्यात येतो.

परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून नव्हे, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

रानवाटा

सर्वांचे मनापासून आभार. वयोगट २० ते २४ करते, मुकादम वगळते. दोन शंका उरल्या : हिमोग्लोबिन ठेवावं का? आणि वयाचा पुरावा म्हणून आधार बघितलं तर चालेल का?

उत्तर ४ : प्राआकेंद्र

हिमोग्लोबिन काढून टाका. बोटातून रक्त घेतलं की अभ्यास जैववैद्यकीय होतो, आणि १२ ग्रॅमच्या खाली सापडलेल्या प्रत्येकीच्या (गरोदर असेल तर ११) उपचाराची जबाबदारी तुमच्यावर येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज चोवीस वर्षांच्या बाईचं हिमोग्लोबिन हा तिच्या सोळाव्या वर्षीच्या लग्नाचा परिणाम आहे, असं म्हणता येणार नाही. मधे दोन बाळंतपणं आणि पाच हंगाम गेलेले असतात. आरोग्याचा धागा पहिल्या बाळंतपणापुरता ठेवा : त्या वेळचं वय, तपासण्या किती आणि कुठे झाल्या, बाळंतपण फडावर, वाटेत की दवाखान्यात, बाळाचं वजन. वजन माता-बाल संरक्षण कार्डावरून उतरवून घ्या. कार्डाचा फोटो नको, त्यावर नाव असतं. तपासण्या निम्म्या गावी आणि निम्म्या कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात झालेल्या असतील; कार्डात रिकामी घरं दिसली म्हणजे तपासणी झालीच नाही असं समजू नका.

कार्डावरच्या वयावर मात्र विश्वास ठेवू नका. मातृवंदना योजनेला किमान वय लागतं आणि पोक्सोची भीतीही असते, म्हणून १९ लिहून घेतलेलं वय फार आढळतं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. शाळेच्या नोंदीत १ जून ही तारीख दिसली तर वर्षही अंदाजाने टाकलेलं असण्याची शक्यता धरा. आणि कागद मागून घराला घाबरवण्यापेक्षा वर सांगितलेला वर्षांचा तक्ता बरा.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रश्न ८४ मध्ये असतील तर तेही काढा. बीडमधला तो प्रश्न गंभीर आहे, पण त्या शस्त्रक्रिया मुख्यतः पुढच्या वयात होतात; २० ते २४ च्या नमुन्यात काहीच हाती लागणार नाही.

एथिक्स कमिटी लागतेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनही येतं. स्वतःची कमिटी नसेल तर लेखी करार करून दुसऱ्या संस्थेची वापरता येते. ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का बघा, आणि सदस्यांत कायदातज्ज्ञ आणि सामाजिक शास्त्रज्ञ आहे याची खात्री करा. काम सुरू झाल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही, त्यामुळे जुलैत गावात जायचं तर अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच जायला हवा.

अर्जासोबत मराठी माहितीपत्रक द्या, पाचवी शिकलेल्या बाईला वाचता येईल असं. उदाहरणार्थ : ‘तुमचं नाव आम्ही लिहिणार नाही. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. मधेच थांबलात तरी रेशन, घरकुल, बचत गट कशावरही परिणाम होणार नाही. आत्ता एखाद्या अठरा वर्षांखालच्या मुलीला त्रास होतोय असं आम्हाला कळलं, तर कायद्याप्रमाणे ते आम्हाला कळवावं लागेल.’ शेवटचं वाक्य मुलाखतीच्या आधी मोठ्याने वाचायचं, सही किंवा अंगठा झाल्यावर नाही. अंगठा असेल तिथे तुमच्या चमूबाहेरचा साक्षीदार हवा. मुलाखत सासूसमोर नको, अंगणवाडीत किंवा शेतात घ्या. कुणी रडली, मारहाणीचं बोलली तर प्रश्न थांबवायचे, आणि १०९८, १८१, तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायची का ते तिलाच विचारायचं. घरी चिठ्ठी सापडणं तिला धोक्याचं असू शकतं.

८४ प्रश्नांचे ४० करा. तक्ता धरून मुलाखत पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका, त्या दिवसांत खुरपणीची रोजंदारी बुडते. अभ्यासाचं नाव गावात ‘मुलींचं शिक्षण, लग्न आणि आरोग्य’ असं सांगा. ते खरंही आहे आणि दार बंद करणारंही नाही. पहिल्या २० मुलाखती नमुन्याबाहेरच्या गावात घ्या आणि त्यावरून तक्त्यातल्या खुणा दुरुस्त करा.

आकडेमोड

एक पुरवणी. तक्त्यातली माहिती भरताना प्रत्येक मुलीची एक ओळ न करता दर वर्षाची एक ओळ करा : वय १० ते १७, लग्न होईपर्यंत. ८०० मुलींच्या साधारण सहा हजार ओळी होतील. त्यावर ‘या वर्षी लग्न झालं का’ असा लॉजिस्टिक मॉडेल (हो-नाही उत्तराची शक्यता मोजणारं) बसवा, आदल्या वर्षाचं स्थलांतर आणि आदल्या वर्षीची शाळा हे घटक म्हणून, आणि प्रमाणचुका गावनिहाय क्लस्टर करून (एका गावातल्या मुली एकमेकींसारख्या असतात हे धरून). त्याच वर्षाचं घेतलंत तर लग्न होऊन नवऱ्यासोबत कोयता धरून गेलेली मुलगी ‘स्थलांतरामुळे लग्न झालेली’ म्हणून मोजली जाईल.