शब्दचर्चा : ‘पूर्ण’, ‘उत्तीर्ण’ आणि ‘चाळलेला’

प्रश्न (इंदूर) :
नमस्कार. येथील एका सहकारी पतपेढीच्या कर्मचाऱ्यांसाठी तयार होत असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा मराठी मजकूर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. हा अभ्यासक्रम ‘स्कॉर्म १.२’ या ऑनलाइन धड्यांच्या तांत्रिक मानकाप्रमाणे बांधलेला आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘एडीएल’ या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या उपक्रमातून हे मानक २००१ साली आले आणि ते अजूनही सर्रास वापरात आहे. त्यात प्रत्येक धड्याची स्थिती एकाच रकान्यात साठवली जाते आणि तेथे पास्ड, कम्प्लिटेड, फेल्ड, इनकम्प्लिट, ब्राउज्ड व नॉट अटेम्प्टेड या सहांपैकी एकच शब्द बसतो. मजकूर हिंदीवरून उतरवलेला असल्यामुळे ‘कम्प्लिटेड’साठी ‘संपन्न’ आणि ‘नॉट अटेम्प्टेड’साठी ‘प्रयत्न न केलेला’ असे शब्द आले आहेत. ‘धडा संपन्न’ हे वाचून एका ज्येष्ठ रोखपालांनी ‘धड्याला पैसा कुठून आला?’ असे विचारले. योग्य शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १ :
रोखपालांचे बरोबर आहे. कार्यक्रम ‘संपन्न होणे’ हे हिंदीच्या सहवासाने आपल्याकडे रुळले असले, तरी मराठी कानाला ‘संपन्न’ म्हणजे आधी भरभराटीचा. येथे ‘पूर्ण’ पुरेसा आहे. ‘प्रयत्न न केलेला’ यात ठपका आहे. ज्याने धडा अजून उघडलाच नाही, त्याने आळस केला असे नव्हे, म्हणून ‘सुरू न केलेला’ म्हणावे. ‘इनकम्प्लिट’ला ‘अपूर्ण’ लिहावे. ‘अर्धवट’ टाळावे, कारण तो शब्द माणसालाही चिकटतो.
‘ब्राउज्ड’ला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे. श्रेय घेण्याचा हेतू न ठेवता धडा नुसता पाहून घेतला, तर ही नोंद होते. आपण पुस्तक चाळतो तसेच हे. ‘चाळलेला’ लिहावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. ‘चाळलेला’ सुचला नव्हता. पण ‘पूर्ण’विषयी शंका राहते. आमच्या चाचणीत एका कर्मचाऱ्याने शेवटच्या पानापर्यंत जाऊन ‘पूर्ण’ मिळवले, मग प्रश्न सोडवले आणि गुण कमी पडताच तेथे ‘अनुत्तीर्ण’ आले. ‘मी धडा पूर्ण वाचला होता, तो गेला कुठे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त नाही का?

प्रतिसाद २ :
रास्त आहे, पण दोष शब्दाचा नसून रकान्याचा आहे. संपवणे आणि निभावणे या दोन वेगळ्या गोष्टी १.२ ने एकाच खणात कोंबल्या, त्यामुळे नंतर लिहिलेली नोंद आधीची पुसते. ‘स्कॉर्म २००४’ या पुढच्या आवृत्तीत त्या वेगळ्या झाल्या : पूर्णतेचा रकाना निराळा, यशाचा निराळा. तेथे ‘पूर्ण, पण अनुत्तीर्ण’ असे शेजारी शेजारी लिहिता येते. मराठीचा शब्द कितीही नेमका निवडला, तरी १.२ मध्ये हा भेद दाखवता येणार नाही. फार तर पडद्यावर ‘शेवटची नोंद’ असा मथळा द्यावा.
पुढे ‘एक्सएपीआय’ या शिकण्याच्या नोंदींच्या नंतरच्या मानकाकडे जाणार असाल, तर आणखी एक पेच आहे. २०१३ साली त्याची १.० आवृत्ती आली. त्यात नोंद रकान्यात न राहता वाक्यासारखी होते : कर्ता, क्रियापद, कर्म. मराठीत क्रियापद शेवटी येते, हे सोपे. खरी अडचण लिंगाची आहे. ‘धडा पूर्ण केला’, ‘चाचणी पूर्ण केली’, ‘प्रकरण पूर्ण केले’ अशी रूपे कर्माप्रमाणे बदलतात, तर ‘उत्तीर्ण झाला’ किंवा ‘झाली’ हे कर्त्यावर ठरते. क्रियापदाची खरी ओळख पत्त्यासारख्या एका कायम खुणेने होते आणि दिसणारा शब्द भाषेगणिक वेगळा देता येतो, पण त्या जागी मराठीचा एकच शब्द ठेवला, तर प्रत्येक दुसरे वाक्य चुकणार. म्हणून तेथे क्रियापद न ठेवता ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ ही न बदलणारी विशेषणेच ठेवावीत. ‘चाळलेला’ मात्र धड्यापुरताच चालेल. चाचणी ‘चाळलेली’ होईल.

प्रश्नकर्ता :
मथळ्याची सूचना आजच अमलात आणतो. ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘नापास’ ठेवावे, असा आमच्या रोखपालांचा आग्रह आहे. त्यांच्या मते, ‘अनुत्तीर्ण’ वाचायलाच वेगळा धडा लागेल.