करोनाच्या मंदीत आयटीतलं काम कसं मिळालं (किंवा नाही मिळालं), अनुभव लिहा

२०२०ची दिवाळी झाली, चकल्या संपल्या, आणि आता परत लॅपटॉप उघडून बसलोय. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या इतक्या जणांनी फोन करून 'तुझं कसं जमलं रे' विचारलं की म्हटलं एका जागीच लिहून काढू सगळ्यांनी. नियम दोनच. कंपनीचं नाव नको, उगाच बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनला कुणाला त्रास नको. आणि 'पॉझिटिव्ह राहा' टाईप सल्ले नकोत, तेवढे नातेवाईक देतातच. काम कुठून आलं, किती दिवस लागले, पैसे कमी घेतले का, ते लिहा. नाव न लिहिता गाव आणि काम लिहिलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरू करतो. पुणे, जावा, १४ वर्षं, पर्मनंट. म्हणजे होतो.

मे महिन्यात एचआरचा कॉल आला, कॅमेरा बंद, अकरा मिनिटं. स्वतःहून राजीनामा टाका म्हणजे रिलीव्हिंग लेटर क्लीन मिळेल, नाहीतर आम्हाला टर्मिनेशन दाखवावं लागेल. मी घाबरून त्याच संध्याकाळी मेल टाकला. टीममधल्या दोघांनी 'वकिलाला विचारून सांगतो' म्हणून चार दिवस काढले तर त्यांना दोन महिन्यांचा पगार जास्त मिळाला, हे मला जुलैत कळलं, आता काय बोलणार. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ४१ हजार. रिझर्व्ह बँकेची सवलत ऑगस्टअखेरपर्यंत होती ती घेतली, पण ती माफी नव्हतीच, व्याज चढत होतं आणि ते शेवटी मुद्दलात येऊन बसलं. पीएफमधून पैसे काढता येतात म्हणून अर्ज केला, तर तेव्हाचा नियम असा की शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा बेसिक आणि डीए, यातलं जे कमी असेल ते. आमच्याकडे बेसिक किती कमी असतो ते आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

नोकरी डॉट कॉमवर रोज सकाळी प्रोफाईलमधला एक स्वल्पविराम काढायचा आणि सेव्ह करायचं, म्हणजे 'आज अपडेटेड' दिसतं. हा उद्योग मी ६० दिवस केला. त्यातून कॉल आले नऊ, आणि नऊच्या नऊ जणांनी विचारलं की तुम्ही लगेच जॉईन होऊ शकता म्हणजे नक्की काय झालंय? इतकी वर्षं ९० दिवसांच्या नोटीस पिरियडला शिव्या घातल्या आणि आता तो नाही हाच प्रॉब्लेम! शेवटी काम मिळालं ते २०११ साली हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसायचा त्या मित्रामुळे, त्याच्या मॅनेजरला एक माणूस हवा होता पण हेडकाऊंट फ्रीज, म्हणजे नवी पर्मनंट भरती बंद, म्हणून थर्ड पार्टी पेरोलवर (पगार दुसरीच कंपनी देणार) सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, ३० टक्के कमी पैसे. लॅपटॉप कुरियरने आला. ऑफिस कुठल्या इमारतीत आहे ते अजून पाहिलेलं नाही.

*

एडिसन, न्यू जर्सी. डेटा इंजिनिअर, एच वन बी म्हणजे कामाच्या व्हिसावर, बायको त्याच्यावरच्या एच फोरवर, मुलगी तीन वर्षांची

मार्चअखेरीला क्लायंटने सगळे कॉन्ट्रॅक्टर दोन आठवड्यांच्या नोटिसीवर काढले. माझ्या एम्प्लॉयरने ३० एप्रिलपर्यंत पेरोलवर ठेवलं, ते पण खूप झालं म्हणायचं. नोकरी गेली की दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला आमच्याकडे ६० दिवस असतात, म्हणजे २९ जून. फ्रीजवर कॅलेंडर लावून रोज फुली मारायचो, चौथ्या दिवशी बायकोने ते काढून टाकलं.

रिक्वायरमेंट (भरायच्या जागा) येत होत्या पण रेट.. फेब्रुवारीत तासाला ७२ डॉलर सहज मिळायचे, मे मध्ये तोच व्हेंडर, म्हणजे मधली एजन्सी, ५० म्हणायचा आणि मी विचार करायला दहा मिनिटं घेतली की पोझिशन क्लोज. मध्ये दोन लेयर असायचे, प्रत्येक जण आपलं कापून घेणार. परत जायचं म्हटलं तर परदेशात अडकलेल्यांना नेणारी वंदे भारतची विमानं ७ मे पासून सुरू झाली खरी, पण आमची मुलगी अमेरिकन पासपोर्टवाली आणि ओसीआयवाल्यांना (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) प्रवेश बंद, म्हणजे आम्ही दोघांनी जायचं आणि तिने इथे राहायचं की काय? ते २२ मे ला शिथिल झालं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपलो, जाता येईल एवढं कळलं म्हणून.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो. नवीन एम्प्लॉयरची पिटिशन, म्हणजे व्हिसासाठीचा अर्ज, ६० दिवसांच्या आत फाईल व्हायला हवी, मंजूर नाही. फाईल झाली की कामाला लागता येतं. तेव्हा प्रीमियम प्रोसेसिंगही (जादा पैसे भरून लवकर निकाल) बंद होतं मार्चपासून, त्यामुळे 'अप्रूव्हल कधी येणार' म्हणून लोक उगाच जीव टाकत होते. २२ जूनला ट्रम्पची व्हिसाबंदी आली तेव्हा आईचा रडत फोन, टीव्हीवर बघितलं म्हणे सगळ्यांना काढणार. ती बंदी बाहेरून आत येणाऱ्यांसाठी होती, मी आत होतो, पण हे आईला समजावण्यात एक तास गेला. माझी पिटिशन २४ जूनला गेली. ५४ डॉलर, एक लेयर. काम कुणाकडून? महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवतो त्या ग्रुपमधल्या एकाकडून, तो काय काम करतो हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

*

एडिसनच. मेनफ्रेम (बँका, विमा कंपन्यांचे जुने मोठे संगणक), वय ५८

वरच्या मुलाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, आमच्या वेळी २००१ ला असंच झालं होतं. माझी जरा गंमतच आहे. मी जानेवारीतच बेकार झालो होतो. एप्रिलमध्ये आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी सांगितलं की राज्याला कोबोल (मेनफ्रेमवरची जुनी भाषा) येणारे स्वयंसेवक हवेत, बेकारभत्त्याची सिस्टीम चाळीस वर्षांची जुनी आणि तिच्यावर एकदम लाखो अर्ज येऊन पडले. मला मित्रांच्या मुलांचे चार फोन, काका तुमचा चान्स. अरे पण स्वयंसेवक म्हणजे फुकट! आणि माझाच भत्त्याचा अर्ज त्याच सिस्टीममध्ये तीन आठवडे अडकला होता. पुढे ऑगस्टमध्ये एका विमा कंपनीचं वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्यांचे मेनफ्रेमवाले सगळे रिटायर झालेत, उरलेला एक रिटायर व्हायच्या आत माझ्याकडे माहिती द्यायची आहे. माझ्याकडून कोण घेणार ते अजून ठरलेलं नाही.

*

रेडिंग, इंग्लंड. डेटा, स्वतःची लिमिटेड कंपनी

आमच्याकडे करोनाच्या आधीच आयआर ३५ ने, म्हणजे स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला नोकरदारासारखा टॅक्स लावायच्या नियमाने, वाट लावली होती. नवा नियम ६ एप्रिल २०२० पासून लागणार म्हणून मोठ्या बँकांनी 'लिमिटेडवाले कॉन्ट्रॅक्टर नकोतच' असं आधीच ठरवून टाकलं, माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपवलं. १७ मार्चला सरकारने तो नियम एक वर्ष पुढे ढकलला. क्लायंट म्हणाला, आमची पॉलिसी झाली ती झाली.

फर्लोचं (काम थांबलं तर सरकार पगाराचे ८० टक्के द्यायचं ती योजना) ऐकून इथले पर्मनंटवाले मित्र म्हणायचे तुला काय, महिना अडीच हजार पौंड. तो वरचा आकडा हो. लिमिटेडवाला पगार घेतो ७१९ पौंड, बाकी डिव्हिडंड, आणि डिव्हिडंड त्यात धरत नाहीत. ७१९ चे ८० टक्के काढा. ५७५. दहा वर्षं टॅक्स वाचवला तो असा परत घेतला म्हणायचा, तक्रार तरी कुणाकडे करणार. सप्टेंबरमध्ये एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पर्मनंट लागलो. पैसे निम्मे, पण साडेपाचला लॅपटॉप बंद होतो ही चैन मला माहीतच नव्हती.

*

दापोलीजवळ, तात्पुरती. टेस्टिंग, ९ वर्षं

ठाण्यात वन बीएचकेत सासू सासरे, दोन मुलं, नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम, आणि माझं वर्क जाऊन नुसतं होम उरलेलं. मे मध्ये ई-पास काढून सगळे गावी आलो, चौदा दिवस शाळेत क्वारंटाईन झालो. दोन राऊंड झाले, तिसरा क्लायंट राऊंड ४ जूनला सकाळी ११ वाजता. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. पत्रे, माड, सुपारीची बाग, विजेचे खांब, सगळं झोपलं. नेटवर्क शून्य. कळवायची सोयच नाही ना! पाचव्या दिवशी दिराच्या बाईकवर बसून घाट चढून गेले, एका ठिकाणी दोन काड्या आल्या तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहून रिक्रूटरला फोन लावला. तो म्हणाला मॅडम, आम्ही समजलो तुम्ही दुसरी ऑफर घेतली, पोझिशन भरली. मी काहीच बोलले नाही, फोन ठेवला, आणि तिथेच विकायला होते म्हणून फणस घेतला.

वीज यायला बरेच आठवडे लागले. ऑगस्टमध्ये त्याच रिक्रूटरचा स्वतःहून फोन आला, आधी घेतलेला माणूस टिकला नाही म्हणून. आता करतेय तेच काम, आधीच्यापेक्षा पगार दीड लाखाने कमी, वर्षाचा हो, महिन्याचा नाही.

*

नागपूर. रिक्रूटर, अमेरिकेच्या वेळेत

आमच्यावर सगळे चिडतात म्हणून दुसरी बाजू. एप्रिल मे मध्ये आमच्याच ऑफिसातले निम्मे काढले, उरलेल्यांना बेसिक आणि 'इन्सेंटिव्ह बघू'. रात्री एक रिक्वायरमेंट टाकली की तासाभरात दीडशे रेझ्युमे. मी पहिले वीस उघडायचो, खोटं कशाला सांगू. नंतर सगळ्यात जास्त लोक कशात गेले माहितीये? एकाच पोझिशनला दोन व्हेंडरना मेलवर 'येस' पाठवून. क्लायंटकडे एकच नाव दोनदा गेलं की दोन्ही बाद. बाकी व्हिडिओ इंटरव्ह्यूत तोंड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, हे मी तीनदा पाहिलंय, एकदा तर उत्तर संपल्यावरही उमेदवाराचे ओठ हलत होते.

*

वरच्यांना: माझे पण चान्स असे दोन व्हेंडरना येस म्हटल्यामुळेच गेले. कुणी सांगितलंच नव्हतं :(

*

सांगली. फ्रेशर, २०२० बॅच

कॅम्पसमधून डिसेंबरमध्येच सिलेक्ट झालेलो, ३.३६ लाख. जॉइनिंग जुलै, मग सप्टेंबर, मग 'वुई विल कीप यू पोस्टेड'. इकडे फायनलची परीक्षा होणार की नाही यावर राज्यपाल, सरकार आणि कोर्ट, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने परीक्षा घ्याच म्हटलं तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये ऑनलाईन एमसीक्यू झाली. आता गल्लीत सगळे 'करोना पास' म्हणतात. सध्या चुलत्यांच्या दुकानात हळदीची बिलं एक्सेलमध्ये टाकतोय. काम मिळालं नाही तरी अनुभव लिहा म्हणालात म्हणून लिहिलं.

*

धागा वर काढतोय, सप्टेंबर २०२१. मीच, पुणे, जावा.

आता रिक्रूटरचे फोन थांबत नाहीयेत. मी लोकांना खोटं सांगतोय की मीटिंगमध्ये आहे. ज्या कॉन्ट्रॅक्टवर होतो तिथेच जूनमध्ये पर्मनंट केलं, गेलेले ३० टक्के परत आले आणि वर थोडे. गेल्या आठवड्यात जुन्या कंपनीच्या एचआरचा फोन, आम्हाला तुमच्यासारखी अनुभवी माणसं परत हवी आहेत. बाई नवीन होत्या, त्यांना काही माहीत नसणार. नोटीस पिरियड किती विचारलं, म्हटलं ९०. त्या 'अरेरे' म्हणाल्या आणि मला फार बरं वाटलं.

सांगलीकर, तुझं काय झालं?

*

सांगली. जॉईन झालो दादा, फेब्रुवारीत. पत्ता दिला तर आमच्या पिनकोडला त्यांचं कुरियर येत नाही म्हणाले, कोल्हापूरला जाऊन लॅपटॉप आणला, एसटीत मांडीवर ठेवून. हळदीचं एक्सेल अजून चालू आहे, रविवारी. चुलते सोडत नाहीत.